पेटीतलं गाऱ्हाणं

चूक माझी होती. मामांचं गाऱ्हाणं मी त्यांना न विचारता घेतलं.

तेव्हा मी बेळगावात मास्तर होतो. मामांच्या गावी, गुंदला, त्यांनी आईला दिलेला भातशेतीचा एक तुकडा होता, म्हणून तिथे येणंजाणं असे. मुंबईच्या रेडिओसाठी मला समुद्रापलीकडचं एक फार जुनं नाटक मराठीत उतरवायचं होतं. गावावर संकट येतं आणि दोष कुणाचा ते राजा शोधू लागतो. रंगमंचावर देऊळ दिसतं, जमाव दिसतो. रेडिओवर काय दिसणार? बरेच दिवस अडून बसलो. मग गुंदची देवराई आठवली. पेरणीआधी मामा तिथे उभे राहून गावाचं मागणं देवापुढे मांडतात, म्हणजे गाऱ्हाणं घालतात, आणि दर मागण्याला सगळे म्हणतात, "व्हय म्हाराजा!" डोळे मिटले तरी गाव दिसतं. मी मामांचे शब्द जसेच्या तसे राजाच्या तोंडी घातले. शेवटी नाटकातला शाप जोडला: ज्याचा दोष, त्याच्या शेतात बी रुजू नये.

नाटक पेरणीच्या तोंडावर लागलं. त्या संध्याकाळी गुंदच्या लाकूडव्यापाऱ्याच्या अंगणात, बॅटरीवरच्या रेडिओसमोर सगळं गाव जमलं. राजाने गाऱ्हाणं सुरू केलं. पहिल्याच मागण्याला अंगणातून आवाज उठला, "व्हय म्हाराजा!" मी सुखावलो. शापालाही तसाच उठला. त्यात माझाही आवाज होता.

मग मामा उठून घरी गेले. दुसऱ्या दिवशी गावात कुणीच बियाणं बाहेर काढलं नाही.

"मामा, ते नाटक होतं. शाप त्या राजाच्या गावाला."

"देवाला तुझा राजा ठाऊक न्हाई. व्हय कुणी म्हटलं? आमीच न्हवं?"

"पण पेटीतून आलेलं गाऱ्हाणं कसं लागू होईल?"

"शब्द कुणाचे हुते?"

मामी चुलीपासून म्हणाल्या, "भाच्यानं देवाला पेटीत घातलंय. किल्ली कुणाकडं हाय, त्येवढं इचारा."

मला हसू आलं आणि भीतीही वाटली. शापावर माझा विश्वास नव्हता. मग मी 'व्हय' का म्हटलं? शाप खोटा धरावा, तर मामांचं दर वर्षाचं मागणंही खोटं ठरत होतं. खरा धरावा, तर मी काय करून बसलो होतो? हे मला आजही सुटलेलं नाही. नांगरलेली शेतं तशीच पडून होती.

तिसऱ्या दिवशी मीच म्हणालो, "मामा, दोषी कोण ते सांगायचं राहिलंय. मी सांगतो."

देवराईत गाव उभं राहिलं. मामांनी आपली जागा मला दिली. लिहून पाठ झालेल्या गाऱ्हाण्याची एकही ओळ आठवेना. देवाकडे बघावं की मामांकडे, तेही कळेना. शेवटी मामांकडे वळलो.

"दोष माझा. तुमचे शब्द न विचारता नेले, वर शाप जोडला. आईच्या तुकड्यात बी रुजलं नाही तरी चालेल, बाकीच्यांचं रुजू दे. मामा, चुकलो. मला माफ करा."