वास नसलेले कांदे

आईचे हात थरथरायला लागल्यावर मी तिच्या सुरीवर बंदी घातली आणि कांदे सुकवायचं मशीन घेतलं. मुलुंडच्या घरात एकटीनेच राहायचं, स्वतःचं स्वतः रांधायचं, हा तिचा हट्ट. मालवणकडची बाई, भाजलेल्या कांद्याखोबऱ्याच्या वाटणाशिवाय तिची आमटी होत नाही. सुकवलेला कांदा पाण्यात भिजवला की चिरायची कटकट नाही. प्रश्न सुटला, असं मला वाटलं.

पहिली खेप तिच्याकडेच लावली. मशीनमध्ये एकावर एक जाळीची ताटं, खालून गरम वारा. चकत्या सारख्या जाडीच्या हव्यात, एकमेकींना टेकायला नकोत, एवढंच तंत्र. थोड्याच वेळात घरात उभं राहवेना. समोरची गुजराती शेजारीण, कांदालसूण न खाणारी, नाकाला ओढणी लावून दारात आली.

"बेन, दरवाजा तरी लावा ना! पूर्ण माळ्यावर वास भरलाय."

आई मशीनशेजारीच खुर्चीत होती. शेजारीण गेल्यावर तिने वरच्या ताटातली एक चकती उचलून नाकाशी नेली.

"खंयसून हाडलंस गो हे कांदे? वासच नाय यांका."

मी हसले. माझी खरेदी तिला कधी पटलेलीच नाही. पण ती पुन्हा पुन्हा हुंगत होती, आणि कांद्याने तिच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मी हिंगाची डबी उघडून तिच्या नाकाखाली धरली. "डोळे मिट. काय आहे सांग."

"मीठ?"

"चेष्टा नको."

"मगे हळद."

"कधीपासून असं?"

"गणपतीपासून. नाकाचा काय एवढा? डोळे चलतत, कान चलतत."

मी स्वयंपाकघरात गेले. शेगडीवर उतू गेलेलं दूध वाळून चिकटलं होतं. त्या दुधाने ज्योत विझली असती, तर सुटलेला गॅस तिला कळला नसता. मी गॅसचा कॉक बंद केला आणि बाहेर येऊन सांगितलं, "उद्यापासून डबा माझ्याकडून येईल. चहासाठी विजेची किटली आणते."

ती भांडेल म्हणून मी तयारीत होते. ती भांडली नाही. हातातली चकती तिने जाळीवर परत ठेवली, शेजारच्या चकतीला टेकणार नाही अशी.

"मगे हे कांदे कोणासाठी गो?"

मशीन अजून बरेच तास चालणार होतं. मी ते बंद केलं नाही.