लांब कानांचा घोडा

ओतारीबाबा आधी घोड्याचे कान कापायचे आणि मग बायकोची समजूत काढत बसायचे. घोडा असायचा मेणाचा, वीतभर उंच, आणि त्यांच्या बायकोने सकाळपासून खपून घडवलेला. सगळा घोडा देखणा, कान मात्र गाढवाला लाजवतील असे. बाबा बारीक सुरीने ते निम्म्यावर छाटायचे. "हात मोडो तुमचे! कान कापले तं घोडं आयकन कायनं?" ती फणकारायची. "आयकून काय करते ते? त्याले का शाळेत जाचं हाये?" असे म्हणत बाबा माझ्याकडे पाहून डोळे मिचकावायचे, कारण गावातल्या शाळेची मास्तरीण मी होते.

सत्तरच्या दशकात मी समुद्रपूरला नोकरीला लागले तेव्हा एकट्या बाईला खोली द्यायला कोणी राजी होईना. लग्न काऊन नाई केलं, माहेरी कोन असते, या चौकश्यांना मी फटकन उत्तरे द्यायची, मग तर विचारायलाच नको. शेवटी नाल्याच्या अंगाला एक कौलारू खोली मिळाली. तिच्यापुढे फक्त ओतारीबाबांची टिनाची झोपडी, आणि त्यापलीकडे पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, वावरे. पहिल्याच दिवशी बाबांची बायको दारात येऊन उभी राहिली. सगळे गाव तिला बुढी म्हणायचे, बाबासुद्धा. "एकटीच हायेस का व?" तिने विचारले. मी हो म्हटले. "मंग आज जेवाले इकडंच येजो," म्हणाली आणि चालू लागली. पुढची एकही चौकशी नाही! तिथेच आमची गट्टी जमली.

त्यांचे काम मी किती वेळा पाहिले, तरी नवल वाटायचेच. आधी मातीचा ओबडधोबड घोडा करायचा. बुढी मेणात राळ मिसळून पाटावर त्याच्या शेवया वळायची, अगदी उन्हाळ्यात आपण घरी वळतो तशा, आणि त्या मातीवर एकीला एक चिकटवून लावायची. आयाळ, लगाम, घुंगरमाळ, सगळे शेवयांचे. कान तेवढे चिमटीत मेण धरून वर ओढायची, आणि ओढतच राहायची. मग बाबा वारुळाच्या मातीचा लेप देऊन घोडा आत बंद करायचे. तो साचा भट्टीत तापला की मेण वितळून बाहेर, आणि त्या जागी पितळाचा रस आत. गार झाल्यावर माती फोडून घोडा काढायचा. साचा एकदाच कामाचा, त्यामुळे एकासारखा दुसरा घोडा कधी निघाला नाही. कान का कापता, असे मी एकदा विचारले तेव्हा बाबा म्हणाले, "बाई, पितळ लय आळशी असते. लांब जाचं म्हटलं का वाटंतच बसते. आन् कान नाई आले तं घोडं वाया."

ओतकामाच्या दिवशी भाता बुढीचा आणि सांडशी बाबांची. त्यांच्यात एक रीत होती. वितळलेल्या पितळाची मूस भट्टीतून उचलल्यापासून रस साच्यात जाईपर्यंत कोणी अवाक्षर काढायचे नाही. "पितळ वाटंत असते तवा त्याले मांगून हाक नाई मारू," बाबा सांगायचे. आता ही दोघे तर दिवसभर भांडणारी. मूस उचलली की भांडण जिथल्या तिथे थांबायचे, आणि रस साच्यात गेला की जिथे तुटले होते त्याच शब्दापासून पुढे सुरू. मला हसू आवरायचे नाही. एवढे मन लावून भांडणारी माणसे मी पुन्हा पाहिली नाहीत.

पूर्वी ते चांद्याकडच्या गोंडांचे देव ओतायचे आणि पोळ्यासाठी बैलांच्या घंट्या. पुढे घंट्या बाजारात तयार मिळू लागल्या, देवांची मागणीही आटली, आणि नागपूरचा एक व्यापारी शोकेसमध्ये ठेवायला घोडे नेऊ लागला. तेव्हा ज्याच्या त्याच्या घरात काचेचे कपाट आले होते. आमच्या हेडमास्तरांच्या घरी बाबांचा घोडा प्लास्टिकच्या गुलाबाशेजारी उभा होता. मला संताप आला. तावातावाने मी बाबांना जाऊन सांगितले, तर ते शांतपणे म्हणाले, "आधी लोक पाया पडत, आता फडक्यानं पुसतात. चालते. हात तं लागते ना त्याले."

मग एका थंडीत बुढीला ताप भरला आणि ती गेली. पोरबाळ नव्हतेच. पाटावर तिचा एक घोडा तयार होता, कान न कापलेला. बाबांनी तो उचलून फळीवर ठेवला आणि जवळजवळ बोलणेच सोडले. मी संध्याकाळी जाऊन बसायची. दोन एकटी माणसे शेजारी बसली म्हणून काही जोडी होत नाही. पण उठूनही जावेसे वाटत नसे.

आपल्याकडचा उन्हाळा काय असतो ते मी सांगायला नको. टिनाखाली मेण किती दिवस टिकणार? होळी उलटली तसे बाबा तो घोडा घेऊन माझ्याकडे आले. "तुमच्या घरी कौलं हायेत, बाई. थंडाव्यात ठेवा." एका मडक्यात पाणी भरून आम्ही तो त्यात बुडवून ठेवला. मी सकाळ-दुपार पाणी बदलायची, बाबा येऊन वाकून पाहायचे. असा एक उन्हाळा निभावला. दुसऱ्या उन्हाळ्यात पाणीच कोमट राहू लागले. एके दिवशी बाबांनी मडक्यात डोकावून पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. "घोडं बसाले लागलं, बाई." पुढचा एक गुडघा वाकला होता. मी म्हटले, सरळ करा की. "नाई. माहा हात लागला तं तिचा पुसन."

ओतल्याशिवाय आता गत्यंतर नव्हते. ओतावे तर मेण जाणार, आणि पितळ वाटेत बसले तर पितळही नाही. बुढीच्या हातचे एवढेच काय ते उरलेले. इतके दिवस बाबा ज्याला भीत होते ते हेच.

त्या सकाळी भात्यावर मी बसले. "तुमी बसान का?" असे त्यांनी फार संकोचाने विचारले होते. त्यांनी लेप द्यायला घेतला तेव्हा मी सुरीकडे बोट दाखवले. "बाबा, कान?"

"राहू द्या."

"आणि नाही पोचले पितळ तर?"

"नाई पोचलं तं नाई पोचलं. पन म्या कापले असं नाई होनार."

मी जीव खाऊन भाता ओढला. बाबांनी मूस उचलली. आम्ही दोघेही गप्प. रस साच्यात गेला. एरवी इथून भांडण पुढे सुरू व्हायचे. बाबा सांडशी खाली ठेवून भात्याकडे बघत राहिले. तिथे मी होते. ती शांतता मग संपलीच नाही.

साचा गार झाला. बाबांनी तो फोडला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, पुढच्या बाजाराच्या दिवशीही नाही. माझा स्वभाव पडला तापट. "अहो बाबा, मुहूर्त बघताय की काय? फोडा एकदाचा!" मी म्हणाले. ते बराच वेळ त्या मातीच्या गोळ्यावरून हात फिरवत बसले. "बाई, फोडलं आन् कान नसले, तं बुढी गेली. आता आत हाये." मी डोळे पुसत घरी आले.

पुढे त्यांनी एकट्याने काही घोडे केले. व्यापारी म्हणाला, पहिल्यासारखे नाहीत. खरेच नव्हते. कान नीट होते, बाकी घोड्यात जीव नव्हता. मग सांडशी धरताना हात कापायला लागला तसा चांद्याकडचा भाचा येऊन त्यांना घेऊन गेला. एसटीच्या थांब्यावर बाबांनी धोतरात गुंडाळलेला तो साचा माझ्या हातात दिला. "गाडीत आदळन आन् फुटन," म्हणाले. "तुमच्याजवळच राहू द्या. मी गेलो म्हून कळलं का फोडजा. त्याच्याआंधी नाई." गाडी हलली तरी ते माझ्याकडे नव्हे, साच्याकडेच पाहत होते.

पुढे माझी वर्ध्याला बदली झाली. शोकेसला नावे ठेवणाऱ्या मीदेखील एक शोकेस घेतलीच, आणि तिच्यात काय, तर मातीचा गोळा. येणारा-जाणारा विचारायचा, "बाई, हा दगड कशाचा?" "घोडा आहे," मी सांगायची. एकटी राहून बाईच्या डोक्यावर परिणाम झाला, असे लोक म्हणत असणार. म्हणोत बापडे. दिवाळीला मी तो गोळा फडक्याने पुसायची.

समुद्रपूरचे एक जुने शिक्षक वर्ध्याच्या बसस्थानकावर भेटले, त्यांच्याकडून कळले. "तुमचे ते ओतारीबाबा गेले म्हणे," ते सहज बोलून गेले. मी घरी आले, बत्ता घेतला आणि भर दुपारी ओसरीवर बसले. पहिला घाव अगदी हलका घातला. मग माती सुटत गेली. पोट निघाले, आयाळ निघाली, शेवयांची घुंगरमाळ निघाली. पुढचा गुडघा वाकलेला तसाच. डोक्यावर माती घट्ट बसली होती. केसातला आकडा काढून मी ती कोरत राहिले.

दोन्ही कान आले होते. पार टोकापर्यंत, गाढवाला लाजवतील असे, आणि टोकाशी तिच्या चिमटीचा दाब. इतकी वर्षे तो माणूस भीत राहिला, आणि कान पहिल्या दिवसापासून आत पुरे होते.

"पोचलं हो बाबा," मी मोठ्याने म्हणाले. घरात ऐकायला कोणीच नव्हते.