कनातीमागचा सूर

ॲम्प्लिफायरच्या तापलेल्या व्हॉल्व्हवर जळणाऱ्या धुळीचा वास मला अजूनही ओळखता येतो. भाजल्या मातीसारखा, किंचित गोडसर. सत्तरच्या दशकात जऊळक्याच्या आमच्या घरात तो कायम असे, कारण थोरला भाऊ लग्नांना, जयंत्यांना लाऊडस्पीकर भाड्याने देई.

नागपूरहून त्याने मांडीवर आडवी ठेवून वाजवायची जुनी इलेक्ट्रिक गिटार आणली. त्याच्या ॲम्प्लिफायरमधून ती पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी वाजे. तो मंडपाच्या कामाला गेला की मी ती मांडीवर घेई. एका दुपारी तिची वायर मी आधी जुन्या रेडिओच्या पाठीत खोचली आणि तिथून ॲम्प्लिफायरमध्ये नेली. रेडिओ पूर्ण मोठा करताच सूर फाटला, आणि त्या फटीतून रडून घोगरा झालेला गळा ऐकू आला. मग रेडिओच्या टोनच्या बटणाला दोरा गुंडाळून तो पायाखालच्या एका फळीला बांधला. बटण परत फिरवायला सायकलच्या ट्यूबचा पट्टा लावला. फळी दाबली की सूर उजळे, सोडली की विहिरीत उतरे.

भाऊ दारातच थबकला. "अवं, हे तं मानसावानी रडून राह्यली! जयंतीले हेच वाजवू."

"कोन वाजवीन?"

"मी. तू मांगं बस. फळी तुलेच जमते."

विहारासमोरच्या मंचावर तो पांढऱ्या झब्ब्यात बसला. मी कनातीमागे, रेडिओच्या धगीजवळ. हात त्याचे होते. गहिवर माझ्या टाचेखाली होता. "अजून एक होऊ दे, भाऊ!" लोक ओरडत होते. हा आवाज कुठून काढला, असे कुणीतरी विचारले. "जुना रेडिओ हाय," भाऊ म्हणाला. कनातीचे कापड माझ्या श्वासाने हलत होते, तेवढेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकोल्याच्या एका ऑर्केस्ट्राचा मालक घरी आला. त्याला तो आवाज हवा होता, वादकासकट. भावाने गिटार, रेडिओ, फळी गोणपाटात गुंडाळली.

"फळी कोन दाबते?" मालकाने विचारले.

"कोनीबी दाबते जी. तिले काय अक्कल लागते?"

मी चुलीपासून उठले. कुठल्या सुराला किती दाब, हे त्या घरात फक्त माझ्या पायाला माहीत होते. बाबा गोणपाटाला सुतळी बांधत होते.

"बाबा, मीबी जाऊ भावासंगं?"

त्यांनी गाठ आवळली आणि वर न पाहताच म्हटले,

"कायले?"