मेरीलँडचा न आलेला मालक

दादाने नायगारा आल्या दिवशीच कॅन्सल केला. "पावसाळ्यात आंबोलीला फुकट बघतो," म्हणाला. त्याला इतिहास हवा होता. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. सावंतवाडीजवळ आमची आंबा-काजूची बाग आहे, ती तोच सांभाळतो. मी वीस वर्षं अमेरिकेत, आणि तो आत्ता पहिल्यांदा आला. म्हणून दादा, मी आणि माझी पंधरा वर्षांची इरा, न्यू जर्सीतल्या आमच्या पिस्कॅटवेहून निघालो ते थेट मेरीलँडच्या दक्षिण टोकाला, सेंट मेरीज सिटीला.

गाडीच्या कप्प्यात एक पाकीट होतं. त्यात हक्कसोडपत्र, बागेतला माझा अर्धा वाटा दादाच्या नावे. वडील गेले तेव्हा आम्हा दोघांचेही व्हिसा आले होते. तेवढ्यात चुलत्यांनी बागेवर दावा ठोकला. दादाने व्हिसा सोडला आणि कोर्टाच्या पायऱ्या झिजवून बाग राखली. मी विमानात बसलो. यावर आम्ही कधीच बोललो नाही. कागद दिला की सुटल्यासारखं वाटेल असं वाटायचं, पण दादा दुखावला तर, ही भीतीही होती.

शनिवारी सकाळी सहाला निघा, बॉल्टिमोरच्या बोगद्यात गर्दी लागत नाही. थांबत थांबत सहा तास धरा. दुपारी नदीकाठी वाफवलेले खेकडे खाल्ले, लाकडी हातोडीने फोडून. "मसाला नुसता वरून भुरभुरलाय, आत काही पोचलेलं नाही," असं म्हणत दादाने दुसरी थाळी मागवली. मोटेल साधं पण स्वच्छ मिळालं.

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर जुन्या लाकडी जहाजाची प्रतिकृती पाहिली. जुन्या वेशातल्या एका गाइडबाईंनी गोष्ट सांगितली. इंग्लंडच्या एका कॅथलिक उमराव घराण्याला राजाने हा मुलूख दिला. खंड काय, तर दरवर्षी ईस्टरच्या आठवड्यात इथल्या आदिवासींचे दोन बाण राजाच्या किल्ल्यावर पोचवायचे! पण ही सनद रद्द करायला टपलेले लोक पुष्कळ होते. म्हणून त्या घराण्यातला थोरला भाऊ, या मुलखाचा मालक, ती राखायला इंग्लंडमध्येच राहिला आणि धाकट्याला त्याने गव्हर्नर करून पाठवलं. जहाजावर आपला धर्म गुपचूप पाळा, बरोबरच्या प्रॉटेस्टंटांना दुखवू नका, अशी ताकीदही दिली.

"कोर्टात मुरलेला दिसतोय," दादा खूश होऊन म्हणाला.

पुढे यादवी झाली, राजाचं डोकं उडालं, मुलूखही हातचा गेला. थोरल्याने तो खटपटी करून परत मिळवला. स्वतः मात्र इथे कधीच आला नाही.

"दॅट्स सो सॅड. काका, ही मस्ट हॅव बीन जेलस, राइट?" इराने विचारलं.

"हेवा कसला? कुणीतरी मागे राहिला म्हणून धाकट्याला उतरायला किनारा मिळाला," दादा म्हणाला. मग जहाजाकडे बघत हळूच पुढे म्हणाला, "धाकट्याने एकदा बोलवायला हवं होतं, एवढंच."

त्याला बोलवायला वीस वर्षं लागली होती मला. गाडीपाशी आल्यावर मी पाकीट त्याच्या हातात दिलं. चष्मा लावून त्याने ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि घडी करून माझ्याच खिशात कोंबलं.

"बागेवरून तुझं नाव काढलं तर तू येशील कशाला? नाव राहू दे. खंड दे. वर्षाला दोन बाण."

"म्हणजे?"

"तू आणि इरा. आंब्याच्या दिवसांत."

दादा परत गेला. घरात त्याची तपकिरी टोपी राहिली आहे आणि ड्रॉवरमध्ये तो कागद. फाडायचा धीर अजून होत नाही. काल मे महिन्याची तिकिटं काढली आणि फोटो त्याला पाठवला. लगेच उत्तर आलं, "पोचलात की पावती देतो."