थोरल्या जावेची जुडी

माझ्या थोरल्या जावेकडं आलेला पाहुणा काम केल्याबिगर परत गेला, असं आमच्या चामटोलीत कधी झालं नाय. सोयरीक घेऊन आलेला असो, नायतर लग्नाची पत्रिका द्यायला. चहा मिळायचा, पण शेतावर, आन् चहाच्या आधी हातात खुरपं. एकदा माझा भाऊ नवीन पँट घालून मला माहेरी न्यायला आला, तो गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन जेवायला बसला. ही त्याला वाढताना बोलते, "भाऊ तुझा चांगला हाय गं, पण निंदताना हात जड पडतो." लग्न झाल्यापासून मी तिच्या हाताखाली. कधी लाडानं बोलल्याचं आठवत नाय. पण वाईट दिवस आले तेव्हा घर तिनंच ओढलं, म्हणून सांगते.

दीर लवकर गेले, तिला मूलबाळ नाय. शेत तिचं आन् आमचं सामाईक. पावसाळ्यात भात व्हायचं. भात कापलं की शेत उघडं, आन् पाड्यातली निम्मी माणसं पोराबाळांसकट वीटभट्टीवर. आमची त्यातून सुटका होती, कारण माझे मालक अंबरनाथच्या एमआयडीसीत कामाला. मंग ती कंपनी बंद पडली. मालक ओट्यावर बसून राहिले. मी रात्रीची भाकर पोरांपुरती करायला शिकले. त्यात बदलापुरातून प्लॉटवाला यायला लागला. मालक जावेला बोलले, "वैनी, शेत देऊन टाकू. भातानंतर पडूनच असतंय."

"शेत नाय पडलं भाऊजी, तुम्ही पडलाय," ती बोलली. "होळीपर्यंत थांबा. तवर या शेतावर घर चाललं नाय, तर माझा अंगठा घ्या आन् विका."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मालकांचे कंपनीतले बूट उचलले, लोखंडी टोकाचे. काष्ट्याचं लुगडं, डोक्यावर पाटी आन् पायात ते बूट. पाड्यातली कुत्री आधी भुंकली, मंग वाट सोडायला लागली. मालक बोलले, "वैनी, बूट माझे हायेत." ती बोलली, "कंपनी बंद पडली, बुटांनी काय केलंय?"

भाजीचं बी घ्यायच्या आधी ती दुधाच्या टेम्पोत बसून उल्हासनगरला जाऊ लागली, रिकामी पाटी घेऊन. विकायचं काय नाय, घ्यायचं काय नाय. भाजीबाजारात बसून सिंधी बायांच्या पिशव्यांत बघत राहायची. एका चष्मेवाल्या बाईच्या मागोमाग तर थेट तिच्या घरात गेली. त्या बाईला वाटलं, भांडीवाली आली. तिनं भांडी पुढं केली. हिनं ती घासली पण, आन् घासता घासता स्टोव्हवर काय शिजतंय ते बघून आली. मला सांगते, "साई भाजी करतात त्या. चण्याच्या डाळीत पालक, चुका आन् शेपू, तिन्ही एकत्र. त्यांना तीन जुड्या घ्यायला लागतात आन् निम्मी भाजी सुकून वाया जाते. आपण एका वेळची एकच जुडी बांधू, तिन्ही घालून."

आमच्यात जुडी म्हंजे एका भाजीची. मिसळलेली भाजी म्हंजे निवडून उरलेली, ती कोण विकत नाय. विहिरीवर बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मालक बोलले, "गाईपुढं टाकायचं ते बाजारात नेतेय."

वाफे पाडायच्या दिवशीच प्लॉटवाला शेत मोजायला आला. त्याच्या हातातली टेप बघून ही बोलली, "बरा आलास. धर ते टोक." उन्हं चढेपर्यंत तो बिचारा टेपचं टोक धरून वाकलेला. एवढे सरळ वाफे आख्ख्या चामटोलीत कोणाचे नव्हते. जाताना बोलला, "काकी, मी शेत मोजायला आलो होतो."

"मंग मोजलंच की आपण."

पहिली पाटी गेली तशीच परत आली. चूक तिचीच होती. आमच्यात वाटणी म्हंजे सारखी, म्हणून तिनं तिन्ही भाज्यांची सारखी मूठ घातली. चष्मेवालीनं जुडी नाकाशी नेली आन् ठेवून दिली. "अरे अदी, इतना सुआ? पूरी बिल्डिंग में बास आएगी. पालक जास्ती, चुका थोडा, सुआ तो बस नाम का." अदी म्हंजे त्यांच्यात बहीण, आन् सुआ म्हंजे शेपू. मंग आम्ही दिवसरात्र शेपू खाल्ला. मालक ताटाकडं बघून बोलले, "होळी कधी हाय?"

"आधी जेवा," जाव बोलली.

पुढच्या पाटीला जावेनं चष्मेवालीच्या सांगण्याबरहुकूम जुडी बांधली. ती पाटी टेम्पोतून उतरेपर्यंत संपली. मंग एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या किती त्याचा हिशोब मी ठेवला नाय. रात्री पुन्हा सगळ्यांपुरत्या भाकरी थापू लागले, तेवढं मला कळलं. ओट्यावरचे मालक कधी उठले आन् जुड्या बांधायला लागले, ते त्यांना पण कळलं नसेल.

होळीच्या सकाळी प्लॉटवाला विसार घेऊन आला. मालक विहिरीवर जुड्या धूत होते, कोपरापर्यंत ओले. बोलले, "आज नाय जमत."

"मंग उद्या येऊ?"

"उद्याच्या पण पाट्या हायेत."

जाव वाफ्यात वाकलेली. तिनं वर पण बघितलं नाय. फक्त मला बोलली, "त्याला चहा दे गं. आज बसूनच पिऊ दे."

पुढच्या वर्षी हसणाऱ्या बाया बी मागायला आल्या. हिनं दिलं, पण आधी आपलं शेत निंदून घेतलं. मंग पाड्याचा स्वतःचा टेम्पो झाला, विहिरींवर पंप बसले, कुडाच्या भिंती जाऊन विटांच्या आल्या. पूर्वी त्याच विटा आमची माणसं दुसऱ्यांसाठी थापायची. पोरी बदलापूरला हायस्कुलात जायला लागल्या. एका वर्षी भट्टीवाला माणसं न्यायला आला, तर त्याला एक घर मिळालं नाय. त्या दिवशी जाव गालात हसत होती. तिला हसताना मी तेवढंच बघितलं.

ती गेली तेव्हा शेतात पालक कापायला आला होता. तेराव्यानंतर मी एकटी पाटी घेऊन उल्हासनगरला गेले. चष्मेवाली म्हातारी झाली होती, काठी टेकत आली. जुडी हातात घेऊन बोलली, "तेरी बडीवाली किधर है? दिखती नहीं."

मी बोलले, "खेत पे है."

ती 'बरं' बोलून निघून गेली. मला खोटं बोलल्यासारखं वाटलं नाय. शेत होतं जागेवर, मंग ती दुसरीकडं जाणार तरी कुठं.