लाल ठिपका, गुलाबी ठिपका

घरात पिशवीत पिशव्या साचतात ना, एक ओढली की चार बाहेर येतात, तसं आमच्या कामणच्या गोडाऊनमध्ये जनाकाकांच्या किश्शांचं झालंय. एक सांगायला बसलं की बाकीचे आपोआप पडतात. मी तिथे इन्व्हेंटरी बघते. वसईच्या फ्लॅटमधून सकाळी निघते तेव्हा माझा स्वतःचा फोन बारा टक्क्यांवर असतो. त्यामुळे चार्जिंगवर बोलायचा मला काडीचाही अधिकार नाही, हे आधीच सांगून टाकते!

आमच्याकडे पार्सलवरचे बारकोड स्कॅन करायला चाळीस फोन आहेत. एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आलेले, सगळे सारखे. सकाळची पाळी दोनला सुटते आणि पुढची पाचला लागते. मधल्या तीन तासांत हे चाळीस फोन एका लांब टेबलावर चार्ज होतात. त्या टेबलाचे राजे म्हणजे जनाकाका. घरची शेती खाडीकाठची. इथे आधी लोडिंगला होते, कंबर गेली, डॉक्टरांनी वजन उचलायला सक्त मनाई केली, म्हणून टेबल मिळालं. टेबल गेलं तर पुन्हा लोडिंग, आणि लोडिंग म्हणजे घरी बसणं. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, त्यांना तर सगळ्यात जास्त.

*

फोनसोबत साधे चार्जर आले होते. आमचा सुपरवायझर रुपेश, नालासोपाऱ्याचा, जन्मजात घाईतला. त्याने साहेबांच्या मागे लागून वीस फास्ट चार्जर मागवले.

"काका, याच्यावर लावायचं, अर्ध्या तासात खेळ खल्लास!"

काका म्हणाले, "घाईत शिजलेला भात पोटात दुखतो रं."

"का? तुमच्या घरी कुकर नाही?"

"हाय ना. पन मी त्याच्या बाजूला बसत नाय."

झालं, तिथून दोन पक्ष पडले. फास्ट चार्जिंगने बॅटरी लवकर मरते म्हणणारे एकीकडे, तसं काही नसतं म्हणणारे दुसरीकडे. रोज जेवणाच्या सुट्टीत भांडण! आठवडाभर ऐकून घेतल्यावर काका म्हणाले, "बोलून काय होनार? लावून बघू."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुनेच्या नेलपॉलिशच्या दोन बाटल्या आणल्या. पत्ते वाटावेत तसे फोन वाटले: एकाच्या पाठीवर लाल ठिपका, पुढच्याच्या गुलाबी. लाल कायम फास्टवर, गुलाबी कायम साध्यावर. चार ओळी, ओळीत दहा, प्रत्येकाची जागा ठरलेली. सून बिचारी चार दिवस बाटल्या शोधत होती म्हणे!

*

या शिस्तीचा पहिला बळी मीच.

एकदा स्टॉक मोजायची घाई होती. मी एक गुलाबी ठिपक्याचा फोन उचलला आणि गुपचूप फास्टवर लावला. वीस मिनिटांत काका माझ्या टेबलाशी हजर.

"बाय, हा तू लावलास?"

"एकदाच हो काका. एकदाने काय होतंय?"

"फोनला काय होत नाय. मला होतं. एकदा फसवलंस तर मला खरं कळनार कसं?"

मला वाटलं, ओरडून जातील. त्यांनी खिशातून बाटली काढली, त्या फोनवर मोठी फुली मारली आणि म्हणाले, "हा आता बाद."

बाद म्हणजे बाद. तो फोन काम करायचा, पण काकांच्या हिशेबात नव्हता. आणि गोडाऊनमध्ये त्याला माझंच नाव पडलं. मी समोर बसलेली असताना पोरं बिनधास्त ओरडायची, "मॅडम गरम झाल्यात रे, जरा बाजूला ठेवा!"

*

रुपेशची एक तक्रार कायम असायची. फास्ट चार्जर ऐंशीपर्यंत भर्रकन पळतो आणि शेवटच्या वीसला गोगलगाय होतो.

"काका, चार्जर डुप्लिकेट आहे. साला दमतो!"

"चार्जर शहाना हाय. तू नाय."

मग त्यांनी त्याला टेबलाशी बसवलं. त्यांच्या शेताच्या बांधाला उघाडी असते, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायचं फळीचं दार. "पानी घ्यायचं तवा फळी पुरी वर. भरत आलं का फळी हळूहळू खाली. नायतर बांध फुटतो. हा फोन सोताच फळी खाली करतो. म्हनून शेवटाला तुझी घाई चालत नाय."

रुपेशने घड्याळाकडे न बघता सगळं ऐकून घेतलं. हे दृश्य दुर्मीळ, म्हणून नोंदवते. मग म्हणाला, "हे यूट्यूबवर बघितलं काय?"

"हात लावून बघितलं. आधी कोमट होता, मग निवत गेला."

मी दोन डिग्र्या घेतल्यात हो. इतकी वर्षं फोन वापरतेय. एकदाही हात लावून बघावंसं वाटलं नाही.

*

पॅकिंगला रोझीबाय आहेत, वटारच्या. फास्ट चार्जरचा त्यांना इतका धसका की घरी जुनाच चार्जर जपून ठेवलेला. एक दिवस फोन घेऊन आल्या, तर पाठ भाकरीसारखी फुगलेली!

"जना, मी तर स्लोच वापरते! रोज झोपताना लावते, सकाळी काढते. मग असं कसं?"

"ठेवतेस कुठं?"

"उशीखाली. पडायला नको म्हणून."

काकांनी कपाळाला हात लावला. "रोझीबाय, पोराला हळूहळू भरवलंस, बरं केलंस. पन पोट भरल्यावर पन चमचा तोंडातच? आनि वर गोधडी?"

रोझीबाय इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. काकांनी आधी तो फुगलेला फोन बंद करून दुरुस्तीवाल्याकडे पाठवला, मग उपदेश केला: ऐंशीच्या आसपास काढायचा, उघड्यावर ठेवायचा. रोझीबायनी हे चर्चच्या गायकवृंदात सांगितलं. आता वटारला रविवारी मिस्सा सुटला की बाया एकमेकींना विचारतात म्हणे, "तू किती टक्क्यांवर काढलास?"

*

दीड वर्ष झालं आणि फोन माना टाकायला लागले. चाळीसपैकी अकरा. पाळी अर्ध्यावर आली की बंद!

आता निकाल लागणार म्हणून सगळे जमले. काकांनी सगळे फोन पूर्ण भरले, सगळ्यांचे स्क्रीन चालू ठेवले आणि कोण आधी मरतो ते बघत बसले. लाल आधी जाणार याची त्यांना खात्री होती. दीड वर्ष ते हेच धरून बसले होते.

मेलेल्यांत लालही निघाले आणि गुलाबीही. जवळपास सारखेच. बाकीच्यांत लाल ठिपकेवाले उगाच बोटभर मागे, बस्स.

रुपेश टाळी वाजवायच्या तयारीत होता. पण काका स्वतःच उठले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "रुपेश, मी चुकलो रं. फास्टनं मेले नाय."

रुपेशचे हात तसेच राहिले. "असू दे हो काका, बोटभर तर तुम्हीच बरोबर."

मला त्या क्षणी त्या माणसाचा इतका अभिमान वाटला की काय सांगू! आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून चुकलो म्हणणारा एक माणूस मला अजून सापडायचाय.

काका मात्र अडकले होते. "फास्टनं नाय, तर मग कशानं?"

पुढचे तीन दिवस ते दुपारभर टेबलाच्या कडेने फिरत होते. प्रत्येक फोनवर हात ठेवायचे, पुढे सरकायचे. तिसऱ्या दिवशी शेवटच्या ओळीपाशी थांबले. ती ओळ भिंतीला लागून. भिंत पत्र्याची, पश्चिमेची. दोन वाजल्यापासून ऊन थेट पत्र्यावर, आणि नेमके तेव्हाच फोन चार्जिंगला!

अकरातले नऊ त्याच ओळीचे. उरलेले दोन?

"ते रुपेशनं पाडलेले," काका म्हणाले.

*

इकडे हेड ऑफिसला वेगळाच शोध लागला होता. मला मेल आला: फास्ट चार्जरच्या बेजबाबदार वापराने बॅटऱ्या खराब झाल्या आहेत, इंजिनिअर तपासणीला येत आहेत, संबंधित कर्मचाऱ्याला टेबलावरून काढून लोडिंगला पाठवायचा विचार आहे.

संबंधित कर्मचारी समोरच फोन पुसत होता.

"बाय, तोंड का पाडलंस? बॅटरी उतरली?"

मी मेल वाचून दाखवला. ते ऐकत राहिले. हात कमरेकडे गेला, तेवढंच. मग म्हणाले, "भिंतीकडची ओळ आजपासून रिकामी ठेवतो. पन टेबल हलवू नका."

रुपेश तापला. "काका, आत्ताच्या आत्ता हलवू! त्याला पुरावाच नाही मिळाला पाहिजे!"

"अरं, टेबल हलवलं तर मी त्याला काय दाखवू?"

*

इंजिनिअर आले ते ऐन दुपारी. तरुण, पुण्याचे, वागायला सभ्य, पण लॅपटॉपवर रिपोर्ट आधीच टाइप करून आणलेला. मी मागून डोकावले. शेवटची ओळ: श्री. जनार्दन पाटील यांची लोडिंग विभागात बदली करावी.

काकांनी त्यांना पाणी दिलं. मग मेलेले अकरा फोन पालथे मांडले. लाल, गुलाबी. आपण दीड वर्ष काय केलं ते सांगितलं. बाद झालेला फोनसुद्धा दाखवला, मॅडमच्या नावासकट!

इंजिनिअर मध्येच म्हणाले, "एक मिनिट. तुम्ही दीड वर्ष एकही चार्जर बदलला नाहीत?"

"बदलला असता तर कळलं कसं असतं?"

मग काकांनी त्यांना शेवटच्या ओळीशी नेलं. "साहेब, जरा पत्र्याला हात लावा."

त्यांनी लावला आणि चटका बसून झटकन मागे घेतला. बोटांवर फुंकर मारत ते त्या रिकाम्या ओळीकडे बघत राहिले.

"मग काका, फास्ट चार्जिंग वाईट नाही म्हणता?"

"थोडं असंल. पन साहेब, जेवन भरभर वाढलं म्हनून कोन आजारी पडत नाय. ताट उन्हात ठेवलं का पडतो."

इंजिनिअर हसले नाहीत. सरळ खुर्ची ओढून बसले आणि वरून एकेक परिच्छेद खोडायला लागले. बेजबाबदार वापर, गेला. फास्ट चार्जर बंद करावेत, गेलं. त्या जागी पत्रा, ऊन, टेबल पूर्वेला हलवावं, असं सविस्तर टाइप करू लागले. आम्ही सगळे मागे उभे. कुणी हलत नव्हतं. रोझीबायनी माझा दंड घट्ट धरला होता. रिपोर्टमधली बदलीची शेवटची ओळ अजून तशीच होती.

तेवढ्यात लॅपटॉप मंद झाला. कोपऱ्यात लाल खूण. दोन टक्के!

"अरेच्चा," इंजिनिअर म्हणाले, "चार्जर गाडीत राहिला. राहू दे, सेव्ह करतो. बाकीचं उद्या ऑफिसला जाऊन बघू."

गेल्या दीड वर्षात काकांना धावताना कुणी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात वायर, रुपेशला कोपराने बाजूला सारत ते आले, वायर लॅपटॉपला खोचली आणि धापा टाकत म्हणाले,

"साहेब, सगळ्यात फास्ट आनलाय. ती खालची ओळ खोडूनच उठा!"