टर्बो बदलला, म्हणून इंजिन का उघडायचे?

मित्रहो, टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा ढकलणारा भाग, बदलल्यापासून माझ्या गाडीचे कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे पाणी, गळत होते. आज वडीगोद्रीच्या गॅरेजात, टर्बो ज्यांनी बदलला त्याच मिस्त्रींनी निकाल दिला, "सर, हेड गॅस्केट गेलं. इंजिन खोलावंच लागंल."

हेड गॅस्केट ही इंजिनाच्या आतली सील, तिच्यासाठी सगळे इंजिन उघडावे लागते. मी नकार दिला. गळती टर्बो बदलल्यावर सुरू झाली. तेव्हा ज्या भागांना हात लागला, तेच आधी तपासले पाहिजेत.

"सर, कालेजात फळा ऱ्हातो. हितं इंजिन हाय."

"सगळे कोरडे पुसा आणि गाडी चालू करा. मी इथेच उभा आहे."

थोड्या वेळाने टर्बोच्या कूलंट नळीच्या बोल्टाखाली थेंब जमला. मिस्त्रींनी बोल्ट काढला, तर आत गळती रोखणारा तांब्याचा वॉशर जुनाच होता; टर्बो नवा बसवताना तोच परत लावला होता.

"तापवून लावला की बराबर बसतो, सर. आजवर गळला न्हाई."

"आज गळला."

नवा वॉशर बसला, गळती थांबली. मिस्त्रींच्या अनुभवाचा मला आदर आहे. पण पुराव्याशिवाय माझे इंजिन कोणीही उघडणार नाही. तुम्ही अशा वेळी कारण विचारता, की मान डोलावता?